डोंग्यात तू, घरात तुम्ही

आई, आज तुला 'तू' म्हणते. घरात कधी म्हणाले नाही. घरात तुम्ही सासूबाई आणि मी सून. चहा झाला का तुमचा, गोळी घेतलीत का, शेजारच्या काकू विचारत होत्या तुम्हाला. डोंग्यात बसल्यावर मात्र ते 'तुम्ही' कुठच्या कुठे जायचं. एका झाडाच्या खोडातून कोरलेली ती नाव, तिच्यात कंबर जेमतेम मावायची, आणि तिथे मानापानाला जागाच नसायची. मोशीला घरी परतलो की आपण दोघी काही न बोलता पुन्हा 'तुम्ही'वर यायचो. तुझ्या मुलाला, प्रवीणला, हे कधी कळलंच नाही. तो आपल्यासोबत डोंग्यात कधी बसलाच नव्हता.

परवा आम्ही तुझ्या गावाहून परत आलो. बॅगा अजून हॉलमध्येच पडल्यात. मला उद्यापासून शिफ्टला जायचंय आणि डब्याला काय करू हे विचारायला मी दोनदा गॅलरीत जाऊन आले. तू नाहीस हे माहीत असतं गं. पायांना माहीत नसतं.

त्या सकाळी माझी फर्स्ट शिफ्ट होती. बस गाठायच्या घाईत मी चप्पल अडकवत होते आणि तू दाराशी येऊन म्हणालीस, "येताना मेथी आन. जुडी पाहून आन, मांगच्या वेळेस नुसत्या काड्या होत्या." हे तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं. माणसं शेवटी काहीतरी मोठं बोलून जातात असं मला वाटायचं. तू मेथी सांगून गेलीस.

दहाच्या सुमाराला आमच्या सुपरवायझरने लाइनवरून बाजूला घेतलं तेव्हाच मला त्याच्या तोंडावरून कळलं. शेजारच्या काकू पाणी मागायला आल्या होत्या म्हणे. तू गॅलरीत तांदूळ निवडत बसली होतीस. सूप मांडीवर, मान भिंतीला टेकलेली. प्रवीणचा फोन तर त्याच्या आताच्या कंपनीच्या गेटवरच जमा असतो. त्याला निरोप पोचायला दुपार झाली. तो आला, तुझ्या पायाशी बसला आणि तुझ्या पायांना हात लावून मला म्हणाला, "हे एवढे थंड कसे?"

आदल्या दिवशी आपलं भांडण अर्धंच राहिलं होतं. तसं ते भांडण वर्षभर चालूच होतं.

"मले आता तिकडंच राहू दे."

"एकट्या कशा राहाल तुम्ही? पडलात-बिडलात तर दवाखाना किती लांब."

"अन् येथं पडले तं काय दवाखान्यावरच पडीन काय?"

मला हसू आलं होतं. तू हसली नाहीस. म्हणालीस, "प्रवीण नाईच मानत. तू मान ना."

मी म्हणाले, "थंडीत जाऊ तेव्हा बघू."

आई, कोण बरोबर होतं ते मला अजून ठरवता येत नाही. दवाखाना आपल्यापासून दोन इमारतींवर होता. त्याचा काही उपयोग झाला नाही. तिकडे असतीस तर कदाचित वल्हं हातात असताना गेली असतीस. कदाचित घरात तापाने फणफणत, कुणी पाणी द्यायला नसताना गेली असतीस. हे भांडण आता मी एकटी दोन्ही बाजूंनी भांडते, आणि दोन्ही बाजूंनी हरते.

तू पहिल्यांदा आमच्याकडे राहायला आलीस ते मलेरियाने. प्रवीण जाऊन तुला घेऊन आला. बल्लारशाहून गाडी, त्याआधी अहेरीहून बस, आणि त्याच्याही आधी तुझं ते गाव, प्राणहितेच्या काठावरचं, समोरचा काठ तेलंगणाचा. आमच्या लग्नाला तू एक दिवस येऊन गेली होतीस तेवढीच ओळख. मी चऱ्होलीची. आळंदी हाकेच्या अंतरावर, घरात सगळ्यांच्या गळ्यात तुळशीची माळ. कंपनीच्या बसमध्ये प्रवीण भेटला आणि मी घरी सांगितलं तेव्हा माझ्या वडिलांनी, अण्णांनी, एकच विचारलं होतं, "त्यांच्यात काय करतात?" मी म्हटलं, "मासे धरतात." अण्णा बराच वेळ अंगणातल्या तुळशीकडे बघत बसले. मग म्हणाले, "मुलगा सरळ आहे ना?" तेवढ्यावर लग्न झालं.

अंगात जरा ताकद आल्यावर तू मला विचारलंस, "नदी कोनत्या अंगाले आहे?"

मी तुला स्कूटरवर बसवून इंद्रायणीवर घेऊन गेले. त्या दिवशी नदीवर पांढरा फेस होता, कपडे धुतल्यासारखा, वाऱ्याने उडून घाटाच्या पायऱ्यांवर येत होता. तू पायरीवर चप्पल काढलीस, पाण्याकडे पाहिलंस आणि परत चप्पल घातलीस. मला लाज वाटली. जणू तो फेस मीच केला होता. मी म्हणाले, "चला आई, जाऊया." तू म्हणालीस, "बिमार मानसाजवळ बसतो ना आपन, तशी जराशी बसू." आणि आपण बसलो. माझ्या गावची नदी ती, पण तिच्याजवळ तसं बसायला मला तुझ्याकडून शिकावं लागलं.

मग तुझे सुकवलेले झिंगे निघाले. गावाहून आणलेली पिशवी तू फडताळाच्या तळाशी ठेवली होतीस, पण वास काय लपून राहतो? सोसायटीत कुजबुज झाली. मलाही सुरुवातीला मळमळायचं, खोटं कशाला बोलू. तू एका शब्दाने काही म्हणाली नाहीस. गॅलरीत वेगळी शेगडी मांडलीस, आतलं दार लावून घ्यायचीस, शिजवून झालं की हात लिंबाने घासायचीस आणि मगच स्वयंपाकघरात यायचीस. मला कधी "एकदा खाऊन तर पाहा" म्हणाली नाहीस. आमच्याकडच्या लोकांनी तुला किती वेळा सुनावलं, "आता आळंदीजवळ आलात, सोडा हे." तू मान हलवायचीस. सोडलं नाहीस, आणि माझं सोडवलंही नाहीस.

तुझा जीव इथे लागेना. मग मला कंपनीतल्या एकीने सांगितलं, चाकणच्या पुढे भामा नदीवर धरण आहे, मागचं पाणी डोंगरापर्यंत गेलंय, तिथे लोक मासे धरतात. एका रविवारी आपण गेलो. ट्रक आणि कंटेनरच्या मधून तू माझा खांदा घट्ट धरून बसली होतीस. कंपन्यांच्या भिंती संपल्या, भाताची खाचरं लागली आणि एका वळणावर एकदम पाणी दिसलं. तू माझ्या खांद्यावर चापटी मारलीस. "थांबव. थांबव ना बाई!"

काठावर एक म्हातारे गृहस्थ ट्रकच्या ट्यूबवर फळ्या बांधलेला तराफा ओढत होते. ते बबनआबा. तू सरळ जाऊन म्हणालीस, "मले बसवता काय?"

आबा तुझ्याकडे वर-खाली पाहत म्हणाले, "न्हाई बाई, ह्ये बायकांचं काम न्हाई. पानी खोल हाय."

"खोल आहे तं मासा असंन."

"मासा हाय की. पर तुमाला काय करायचाय?"

"धरायचा आहे. दुसरं काय करतात माशाचं?"

आबा हसले. "कुठल्या तुम्ही?" तू गावाचं नाव सांगितलंस. त्यांना ते कळलं नाही, पण तू वल्ह्याची फळी ज्या हाताने उचललीस तो हात त्यांना कळला असावा. "व्हय का? बसा मग," म्हणाले.

त्या दिवशी तुम्ही दोघं मधोमध गेलात आणि मी काठावर उन्हात बसून राहिले. परत आलात तेव्हा आबा सांगत होते, "माझं श्येत हितंच खाली हाय. आन् घर त्या तिकडं, दोन परस पान्याखाली." तू म्हणालीस, "म्हंजे तुम्ही आपल्याच वावरात जाळं टाकता." आबांनी मान खाली घातली, मग वर केली तर डोळे भरलेले, पण हसत होते. "असं कुनी म्हनलं न्हवतं," एवढंच बोलले. पुढे कित्येक रविवार आपण जात राहिलो. तुला तिथे मिळायचे ते चिलापीसारखे किडूकमिडूक मासे. तू म्हणायचीस, "धरनाचं पानी बसलं आहे, चालत नाई. पन पानी आहे."

प्रवीण आला नाही. एकदाही नाही. धरणाला नाही, कंपनीच्या सहलीला पवनेला नाही. लोक म्हणायचे, नदीकाठचा माणूस आणि पोहता येत नाही, राव! तो हसून विषय बदलायचा. मला लग्नानंतर बऱ्याच काळाने त्याने सांगितलं, तेही दबलेल्या आवाजात आणि अर्धंच. पुराच्या दिवसांत त्याचे वडील अडकलेलं जाळं सोडवायला गेले. लहानगा प्रवीण काठावर उभा होता. डोंगा परत आला तो पालथा. पुढचं तो बोलला नाही, आणि मी विचारलंही नाही.

पुढचं तू सांगितलंस, नदीवर.

पहिल्यांदा मी तुझ्या गावी आले त्या हिवाळ्यात. घराची कौलं परतायची होती, प्रवीणला सुट्टी मिळत नव्हती, म्हणून आपण दोघीच गेलो. मला वाटलं होतं चार घरं आणि एक नदी असेल. आई, मग मी ती नदी पाहिली. एवढी रुंद, की पलीकडचे लोक मुंग्यांएवढे. दोन्ही काठांना साग आणि मोहाचं जंगल, मधे पिवळ्या वाळूची बेटं, आणि पाणी असं स्वच्छ की डोंग्याची सावली तळाच्या दगडांवरून सरकताना दिसायची. एकही भोंगा नाही. मी आयुष्यभर कारखान्यांच्या आवाजात राहिलेली बाई, माझ्या कानांत तिथे आपोआप आवाज होत होता.

तू मला डोंग्यात पुढे बसवलंस. "मांगं बसते तो डोंगा चालवते. पुढं बसते तो निस्ता पाह्यते. तू पाह्य." वरच्या अंगाला, जिथे गाव संपून नुसतं रान उरतं, तिथल्या एका वाळूच्या बेटावर आपण मुक्कामाला निघालो. तुझ्या जुन्या जागा होत्या त्या. तू दाखवत होतीस, या दगडाखाली वाम असते, त्या झाडाच्या मुळांत मरळ बसते, तिथे झिंगे. आणि मग डोंग्याच्या तळातलं गाठोडं सोडून तू मला एक नवाकोरा गंज दाखवलास. ॲल्युमिनियमचं छोटंसं पातेलं. "हा तुझा. याच्यात निस्ती डाळ शिजंन. याले मासा नाई लागू देत मी." मी नदीकडे तोंड करून बसले. तुला वाटलं मला डोंगा लागला. तू म्हणालीस, "लिंबू देऊ काय?"

दुपारी वारा सुटला. बेट समोर दिसत होतं, पण मधे सगळी नदी पसरलेली, आणि लाटा आडव्या यायला लागल्या. पाणी आत आलं. माझ्या पायांना गार लागलं आणि मी उभीच राहिले.

"बस! खाली बस ना!" तू ओरडलीस.

"पाणी येतंय!"

"उभी राह्यशीन तं मानूसच पान्यात जाइन! बस म्हन्ते ना!"

"बसतेय ना मी! तू ओरडू नको माझ्यावर!"

सासूला 'तू' म्हणून बसले. मला वाटलं, झालं, आता डोंगा बुडो की राहो, घरी माझं काही खरं नाही. मग तुझं हसू ऐकू आलं. तू वल्हं मारत होतीस आणि हसत होतीस, लाट अंगावर घेत होतीस आणि हसत होतीस. "डबा घे, पानी काढ! अन् भांड ना, भांड! थांबू नको!" मी पाणी उपसत होते आणि तुझ्यावर ओरडत होते. कंपनीत कुणावर ओरडता आलं नव्हतं तेवढं सगळं ओरडले. बेटाला लागलो तेव्हा आपण दोघी वाळूत आडव्या पडलो. तू म्हणालीस, "आता कशी घरच्यासारखी बोलली."

दुसऱ्या दिवशी तू मला मागे बसवलंस. वल्हं हातात दिलंस. मी इतक्या जोराने पाणी ओढायला लागले की डोंगा गोल फिरला. "काहून मारतेस त्याले? पान्यासंगं भांडू नको. टेकव, अन् सोड." माझ्या हातांना फोड आले. तू त्यांना मोहाचं तेल लावलंस. जाळ्यातला मासा काढायला सांगितलंस, माझ्या आयुष्यातला पहिला मासा, चांगली हातभर मरळ. ती माझ्या तळव्यांत धडधडत होती. माझे हात उघडलेच, आणि मरळ गेली. मी घाबरून तुझ्याकडे पाहिलं. ते तुझं रात्रीचं जेवण होतं. तू म्हणालीस, "गेली तं गेली. तुझ्या माळंचा मान ठेवला तिनं." आणि त्या दिवशी तू माझ्या गंजातली डाळ खाल्लीस.

परतीच्या वाटेवर एका मोठ्या काळ्या खडकापाशी नदी वळते. तिथे तू हनुवटीने दाखवलंस. "येथं गेले ते."

मी वल्हं मारायची थांबले. तू म्हणालीस, "थांबू नको. येथं धार जोरात आहे."

पार पुढे आल्यावर मी विचारलं, "आई, तुला भीती नाही वाटली? पुन्हा पाण्यात उतरताना?"

"वाटली ना."

"राग?"

तू पाण्यात हात बुडवलास. मग म्हणालीस, "राग यायले पोट भरलेलं लागते बाई. पोरगं भुकेलं होतं. बारा दिवस झाले अन् डोंगा पान्यात टाकला."

"कोणता डोंगा?"

"तोच. दुसरा कोठून आनू?"

तूच म्हणालीस, "प्रवीणले वाटते मी बापाले विसरली. त्या डोंग्यात मी कशी बसली, म्हून तो आजवर मनातून रुसून आहे. त्याले सांगता नाई येत मले. तुले सांगते."

मी म्हणाले होते, "मी सांगू का त्याला?" तू म्हणालीस, "नको. बोलून होत असतं तं मीच नसतं बोलले?"

म्हणून मी गप्प राहिले. त्यानंतरच्या प्रत्येक थंडीत आपण दोघी गेलो. प्रवीण स्टेशनवर सोडायला यायचा, बॅग चढवून द्यायचा आणि म्हणायचा, "जपून." कुणाला म्हणायचा, तुला की मला, ते कधी कळलं नाही. तुम्ही दोघं एका घरात राहिलात, एकमेकांच्या ताटात वाढलंत, तापात एकमेकांचे पाय चेपलेत. पण हा एक शब्द तुमच्यात कधी झाला नाही. मला सगळ्यात जास्त रडू येतं ते याचं. तुझ्या मरणापेक्षाही याचं.

दहाव्याच्या आधी प्रश्न निघाला, अस्थी कुठे? सगळ्यांनी एकच उत्तर धरलेलं. आळंदी. पंधरा मिनिटांवर इंद्रायणी, एवढं तीर्थाचं ठिकाण, लोक कुठून कुठून येतात. माझे भाऊ गाडी ठरवायलाही लागले. प्रवीण कोपऱ्यात बसला होता, दाढी वाढलेली. तो म्हणाला, "प्राणहितेला न्यायच्या."

कुणीतरी म्हणालं, "अरे, एवढ्या लांब? सुट्टी तरी मिळेल का?" मला वाटलं आता अण्णा काहीतरी बोलतील. माळकरी माणूस, जन्म आळंदीच्या वाटेवर गेलेला. अण्णा उठून प्रवीणजवळ जाऊन बसले. म्हणाले, "नेऊ दे त्याला. त्यांचं दैवत तिकडं आहे."

आई, तुला हे सांगायचं होतं. अण्णा असं म्हणाले.

आणि बबनआबा आले होते. दोन बस बदलून, धुतलेला सदरा घालून. त्यांना बातमी कशी कळली कोण जाणे. तुझ्या फोटोसमोर उभे राहिले, टोपी काढली. माझ्याजवळ येऊन म्हणाले, "पोरी, दर ऐतवारी वाट बघायचो मी त्यांची. आता त्या पान्यावर माझं एकट्याचंच श्येत ऱ्हायलं." इतके दिवस मी घरातली पाहुण्यांची चहापाण्याची गडबड धरून उभी होते. त्या वाक्यावर मी खाली बसले.

आम्ही निघालो. प्रवीणने सगळ्या प्रवासात अस्थींचा लोटा मांडीवरून खाली ठेवला नाही. मी म्हटलं, "जरा माझ्याकडे दे, तू झोप." त्याने मान हलवली. अहेरीच्या बसमध्ये खड्डा आला की तो दोन्ही हात लोट्याभोवती धरायचा. मला तुझी आठवण आली, चाकणच्या रस्त्यावर माझा खांदा धरून बसलेली.

गावातले सगळे काठावर आले होते. तुझा चुलतदीर डोंगा काढून तयार उभा होता. म्हणाला, "चल बाबू, मी वल्हवतो. मधात सोडू अन् येऊ. सोडल्यावर मांगं पाहाचं नाई, सरळ काठाले यायचं."

प्रवीण पाण्याकडे पाहत होता. त्याच्या पायाची बोटं वाळूत रुतलेली मला दिसत होती. मला वाटलं, हा नाही बसणार. आता लोटा माझ्या हातात देईल आणि म्हणेल, तू जा. मी त्याला दोष दिला नसता.

तो म्हणाला, "काका, तुम्ही राहा. सारिका वल्हवेल."

काठावर कुजबुज झाली. काका माझ्याकडे पाहत राहिले. मी पदर खोचला, डोंग्यात मागे जाऊन बसले आणि वल्हं हातात घेतलं. प्रवीणने एक पाय आत टाकला. डोंगा हलला. त्याने डोळे मिटले, लोटा पोटाशी धरला आणि दुसरा पाय आत घेतला. एवढ्या वर्षांनी तुझा मुलगा नदीवर आला, आणि तू त्या लोट्यात होतीस.

मी तू शिकवलंस तसं वल्हं टेकवत, सोडत निघाले. प्रवीणची पाठ माझ्यासमोर होती, ताठ. मग तो मागे न वळता म्हणाला, "कुठं सोडायचं? बाबा कुठं गेले ते मला माहीत नाही. मी कधी विचारलंच नाही तिला."

"मला माहीत आहे," मी म्हणाले. "तिने दाखवलंय."

त्याची पाठ एकदम ढिली पडली. तो रडत होता. मी वल्हं थांबवलं नाही, थांबवता येणार नव्हतं, पाणी ओढत होतं. आणि मग मी त्याला सगळं सांगितलं. तू नको म्हणाली होतीस तरी सांगितलं. बाराव्या दिवसानंतर तू तोच डोंगा पाण्यात टाकलास ते, दुसरा कुठून आणणार होतीस ते, आणि पोरगं भुकेलं होतं ते. त्याने मधे एकदाच विचारलं, "असं म्हणाली ती?" मी म्हटलं, "हो." तुझा शब्द मोडला आई. पण आता तुम्हा दोघांत मीच तेवढी उरले होते.

काळ्या खडकाच्या अलीकडे, जिथे धार जरा मवाळ होते, तिथे मी डोंगा धरून ठेवला. प्रवीणने लोट्याचं फडकं सोडलं. त्याने मंत्र म्हटले नाहीत, त्याला येत नाहीत. "माय," एवढंच म्हणाला. मग लोटा कलता केला. तू हळूहळू गेलीस. थोडा वेळ पाण्यावर राखाडी दिसलीस, मग खाली, मग कुठेच नाही. सोबत सोडलेली फुलं पुढे गेली.

काठावरून काकांची हाक आली. या म्हणत होते. मी वल्हं उचललं आणि डोंग्याचं तोंड गावाकडे वळवायला लागले.

"सारिका," प्रवीण म्हणाला. मग त्याच्या तोंडून ती बोली निघाली, जी मी मोशीत त्याच्या तोंडून कधीच ऐकली नव्हती, फक्त तुझ्या तोंडून. "थांब ना जराशी. काहून घाई करतेस?"

आणि तो वळला. मागे पाहायचं नसतं हे त्याला सांगितलेलं होतं, तरी डोंग्यात जपून, एका हाताने डोंग्याची कड धरून, तो पूर्ण वळून बसला आणि तू गेलीस त्या पाण्याकडे पाहत राहिला.

काका हाका मारत राहिले. आम्ही थांबलो, आई.